खैऱ्याचं माहेर

श्रावणातली झड लागली, की धुळ्याच्या पाचकंदिलावरच्या भाजीबाजारात मी हमखास वेड्यासारखी वागते. बाकीचे लोक लिंबं घेताना पिवळीधमक, तुकतुकीत, पातळ सालीची निवडून घेतात. मी डागाळलेली निवडते. सालीवर बारीक, खरबरीत, तपकिरी फोड आलेली. लिंबंवाली पहिल्यांदा माझ्याकडे संशयानं बघायची, आता नुसती कीव करते. परवा म्हणाली, "मावशी, चांगले घ्या ना वो, त्याच भावात देते." मी म्हटलं, "मला हेच हवेत." तिनं शेजारच्या कोथिंबीरवालीकडे बघून भुवई उडवली. मी काही वाईट वाटून घेतलं नाही. घरी येऊन ती लिंबं मी खिडकीत मांडून ठेवली आणि चहा घेत बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. बाहेर पाऊस नुसता तिरका कोसळत होता.

त्या डागाला आमच्याकडे खैऱ्या म्हणतात. खैराच्या काताचा असतो तसाच त्याचा रंग. पानावर उठला की मध्ये खडबडीत फोड आणि भोवती पिवळं वलय, अंगठा फिरवला तर रेतीच्या कागदासारखं लागतं. हा उद्योग एका जंतूचा. डोळ्यांना न दिसणारा, पावसाच्या थेंबात बसून वाऱ्यावर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा. नोकरीची सगळी वर्षं मी या बाबाशी भांडण्यात घालवली. व्याख्यानं दिली, फवारण्या सांगितल्या, फांद्या छाटून जाळायला लावल्या. आणि तरी खरं सांगू? इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलं त्याच्याबद्दल जरा माया वाटायला लागतेच. कुणाला सांगायची सोय नाही, एवढंच.

ही माया सुरू झाली नव्वदच्या आगेमागच्या एका पावसाळ्यात. मी तेव्हा धुळ्याला शेतकी कॉलेजात एमएस्सी करत होते. मुली आम्ही मोजक्याच, आणि वनस्पतींच्या रोगांचा विषय घेतलेली त्यात मी एकटीच. घरी वडिलांना वाटायचं, पोरगी डॉक्टर होणार होती ती झाडांची तरी झाली. आमच्या सरांनी मला काम दिलं होतं ते ऐकायला अगदी सोपं होतं. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतून खैऱ्याची पानं गोळा करायची, प्रत्येक पानातला जंतू वेगळा काढून वाढवायचा आणि बघायचं, की हे सगळे एकाच प्रकारचे आहेत की त्यांच्यातही जातगोत आहे. सर म्हणाले होते, "नाव एक आहे म्हणून स्वभाव एक असतो का? तुमच्या घरात तुम्ही भावंडं सारखी आहात का?" मी म्हटलं, "छे!" ते म्हणाले, "मग लागा कामाला."

कामाला लागले म्हणजे काय, तर एसटीला लागले. साक्री, पिंपळनेर, चाळीसगाव, भडगाव, जी गाडी मिळेल ती. खांद्याला शबनम, तिच्यात जुनी वर्तमानपत्रं, कागदी पिशव्या, लिंबाचा पाला आणि टाचण्यांची डबी. टाचण्या कशाला, तर जंतू पानात टोचायला. पण हे एसटीतल्या लोकांना कुठे माहीत? एकदा साक्रीच्या गाडीत माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. खड्डा आला, पिशवी कलंडली, आणि त्यांच्या मांडीवर लिंबाचा पाला, दोन लिंबं आणि टाचण्या असं सगळं सांडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पाल्याकडे बघितलं, मोकळ्या केसांकडे बघितलं. "अय माय व!" म्हणत त्या उठल्या आणि थेट कंडक्टरच्या सीटवर जाऊन बसल्या. उरलेला रस्ताभर माझ्या आजूबाजूची जागा रिकामी होती. उभ्यानं प्रवास करणारे होते, पण माझ्या शेजारी कुणी बसेना. त्यानंतर मी केस बांधायला लागले आणि टाचण्या पिशवीच्या तळाला ठेवायला लागले. गर्दीच्या गाडीत मात्र अधूनमधून मोह व्हायचा, डबी उघडावी म्हणून.

आमचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं कागदी लिंबाचं झाड होतं. ते आईनं तिच्या माहेरून आणलेलं. तिच्या माहेरचं झाड तिच्या आईनं तिच्या माहेरून आणलेलं. आमच्या घराण्यातली ही रीतच होती म्हणा ना. मुलगी सासरी निघाली, की झाडाखाली आपोआप उगवलेलं एक रोप डालड्याच्या डब्यात भरायचं आणि सामानाबरोबर द्यायचं. भांडी येतील, चेपतील, झिजतील. लिंबाला सासरी गेल्यावर काही वर्षांनी फळ धरतं, तोवर पोरगीही रुजलेली असते, असा आईचा हिशेब. माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनअक्काचं लग्न झालं तेव्हा रोप निवडायला आईबरोबर मीही गेले होते. खाली चिखलात पाच-सहा रोपं उभी होती. आईनं नेमकं डागाळलेल्या पानांचं उचललं. मी म्हटलं, "अगं, ते नको, त्याला डाग आहेत." आई म्हणाली, "डाग शे म्हनीसन तं निवडं. तीट शे ती. नजर लागाव नही."

झालं. दृष्ट लागू नये म्हणून पोरीला गालावर तीट लावतात तसं लिंबाच्या रोपाचंही. आता आठवलं की हसू येतं, पण आईचं काही चुकत होतं असं तेव्हा वाटलं नाही. तिच्या झाडाला जन्मापासून डाग होते आणि झाड लिंबांनी लदलेलं होतं. डागवालं रोप जगतं, हा तिचा अनुभव होता. तिच्या आईचाही होता. अशा रीतीनं आमच्या अक्काबरोबर डालड्याच्या डब्यात बसून खैऱ्याही वऱ्हाडासोबत भडगावकडे निघाला.

अक्काचं सासर गिरणेच्या काठाला. मळ्यातच घर. आमच्याकडे पावसावर बाजरी आणि डोंगरातलं वारं, त्यांच्याकडे पाटाचं पाणी, केळी, कपाशी आणि मोसंबीचा नवा बाग. तिचे सासरे, आबा, म्हणजे भरदार मिशांचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. हळू बोलायचे म्हणूनच सगळं घर त्यांचं ऐकायचं. मोसंबीचा बाग हा त्यांचा जीव. बाहेरून कलमं ट्रकनं मागवलेली, अर्धी स्वतः लावली, उरलेली शेजारच्या गावातल्या साडूंना दिली. सकाळी चहाच्या आधी आबा बागेत चक्कर मारणार, आणि कलमांशी बोलताना त्यांना कुणी पाहिलं की खोकणार. अक्कानं आणलेलं लिंबू अंगणाच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर लागलं. अंगण संपलं की बाग सुरू.

दोन-तीन पावसाळे गेले आणि मोसंबीच्या पानांवर डाग उठले. मग फळांवरही. आबा पानं घेऊन अंगणात आले आणि त्यांची नजर गेली अक्काच्या झाडाकडे. त्याच्या पानांवरही तसेच डाग. दोन आणि दोन चार व्हायला कितीसा वेळ लागतो? बघता बघता सगळ्या भाऊबंदकीत बोललं जाऊ लागलं, की डोंगराकडची सून आली, तिनं माहेरचं झाड आणलं, आणि झाडाबरोबर रोग आणला. कुणी तोंडावर भांडलं नाही. आपल्याकडे तोंडावर कोण भांडतं? नुसतं बोलता बोलता येऊन जायचं. हळदीकुंकवाला आलेली कुणी म्हणायची, "तुमचा बाग कसा आहे आता? बिचारे आबा." आणि नजर मोरीकडे.

मी आषाढाच्या शेवटी तिथे पानं गोळा करायला गेले, तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मी आपली खुशीत. बहिणीचं घर, हातचं जेवण, आणि वर खैऱ्याची फुकट पानं! आबा ओट्यावर बसले होते. "उनी का बेबी? बठ. च्या पे," म्हणाले. घरात सगळे मला बेबी म्हणायचे, एमएस्सी झाल्यावरही म्हणायचे, आता साठी उलटली तरी म्हणतात. चहा झाला. मग आबांनी धोतराच्या सोग्यातून दोन पानं काढली, एक मोसंबीचं, एक लिंबाचं, आणि माझ्यापुढे धरली.

"हाई देख. हाऊ डाग, नि तो डाग. एकच शे का नही?"

मी म्हटलं, "दिसतो तर एकच, आबा."

"मंग? तुन्ही बहीन उनी, तिनं झाड उनं, नि मांगेमांगे रोग उना." त्यांनी दोन्ही पानं माझ्या हातात दिली. रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "मी तिले काही बोलस का? नही. पन झाड नही पाहिजे. कानबाई व्हयनी का तोडी टाकसू."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातलं मोठं दैवत, नारळाच्या रूपात घरी येणारं. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी जाते. तिच्यासाठी मुंबई-सुरतेला गेलेली भाऊबंदकी घरी परतते. ती होईपर्यंत घरच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, एवढाच काय तो लिंबाला अवकाश होता. आणि झाड तुटणार ते सगळ्या भाऊबंदांच्या देखत तुटणार.

मागच्या दारी अक्का भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. राखेनं परात घासता घासता म्हणाली, "झाड जाई तं जावो, बेबी. पन 'माहेरना रोग' नको म्हनो कोनी." आणि परात अशी घासली, की तिच्यात तोंड दिसावं.

मला तेव्हा कळलं, की प्रश्न लिंबाचा नाहीच. झाड काय, पुन्हा लावता येतं. पण तो शब्द एकदा चिकटला की आयुष्यभर अक्काच्या मागे राहणार. गाय आटली तरी, पाऊस लांबला तरी, कुणाचा पाय मुरगळला तरी. आणि माझी अडचण वेगळीच होती. कारण मला माहीत होतं, की आईनं डागाचंच रोप निवडलं होतं. म्हणजे रोग अक्कानं आणला होता, हे खरंच होतं. मी चार कागदी पिशव्या भरल्या. एक आमच्या आईच्या झाडाची, ती आधीच माझ्याजवळ होती. एक अक्काच्या झाडाची, एक आबांच्या मोसंबीची. चौथी साडूंच्या गावाहून आणली. त्यांच्याकडेही त्याच ट्रकमधली कलमं होती आणि त्यांच्या बागेतही डाग होते.

धुळ्याला परतले आणि सरांना सगळं सांगितलं. सर सुपारी कातरत ऐकत होते. मी शेवटी म्हटलं, "सर, बहिणीच्या झाडाचा नमुना वगळला तर चालेल का? एका नमुन्यानं काय फरक पडतो?" सरांनी अडकित्ता खाली ठेवला. "निकाल आधी ठरवून मग प्रयोग करायचा असेल तर वकील हो, बाई. फी बरी मिळते." मला इतकी लाज वाटली, की मी पुढचे दोन दिवस त्यांच्या समोरून जाताना भिंतीकडे बघत जात होते.

बटाट्याचा काढा, साखर आणि ते थिजवायला अगर, म्हणजे चायना ग्रास, असं ते जंतूंचं जेवण. प्रयोगशाळेचं निर्जंतुक करायचं भांडं नादुरुस्त होतं, म्हणून मेसचा मोठा कुकर मागून आणला होता. मेसच्या मावशी रोज विचारायच्या, "काय शिजवलं आज?" मी सांगायची, "बटाटे." त्यांना वाटायचं पोरगी उपासाला आहे. काचेच्या बशीत तीन दिवसांत जंतू वर यायचे, पिवळे, चकचकीत, तुपात भिजलेल्या बेसनाच्या थेंबासारखे. चारही बशा मी शेजारी शेजारी मांडल्या. आईच्या झाडाचा, अक्काच्या झाडाचा, आबांच्या बागेचा, साडूंच्या बागेचा. रंग एक, रूप एक, चकाकी एक. मी तासभर बघत बसले. चौघांत काडीचा फरक नव्हता. मग माझा धीर सुटला. आबांनी दोन पानं समोर धरली होती, मी चार बशा धरल्या होत्या, एवढंच माझं शिक्षण.

सर आले, त्यांनीही बघितलं. "तोंड बघून काय कळणार?" म्हणाले. "पंगतीला बसव. कोण काय खातो बघ." म्हणजे असं, की प्रत्येक जंतू कागदी लिंबाच्या निरोगी पानात टोचायचा आणि मोसंबीच्याही निरोगी पानात टोचायचा. शिवाय काही पानांना नुसत्या पाण्याचे टोचे, म्हणजे टाचणीचं आणि रोगाचं आपल्याला वेगळं कळेल. पण टोचायच्या आधी सरांनी माझ्याकडून चारही बशा काढून घेतल्या, आत गेले आणि वरच्या खुणा पुसून चार रंगांचे कागद चिकटवून आणले. लाल, निळा, हिरवा, पिवळा. "कुठला कुणाचा ते माझ्या डोक्यात आहे. तुला सांगणार नाही. तुझं मन कुठं आहे ते मला माहीत आहे." मी म्हटलं, "सर, तुम्ही विसरलात तर?" कारण सर चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारे होते. ते म्हणाले, "विसरलो तर परत एमएस्सी करू."

आणि मग वाट बघणं. तो आठवडा मला अजून वासासकट आठवतो. ओल्या कापसावर ठेवलेली पानं, काचेच्या झाकणाखाली साचलेलं दव, स्पिरिटच्या दिव्याचा वास, खिडकीबाहेर झड. कपडे वाळत नव्हते, मन वाळत नव्हतं. लाइट जायची. हॉस्टेलवर मुली भज्यांचा बेत करायच्या आणि मी भज्यांवर लिंबू पिळताना सालीकडे आधी बघायची. एकदा लिंबावर डाग दिसला तर मी ते लिंबूच खिशात घातलं. सगळ्या ओरडल्या, "अगं, भजी!" मला त्या दिवसांत कुठलंच लिंबू नुसतं लिंबू वाटत नव्हतं. आमच्या घरातलं कुणीतरी वाटत होतं.

मनात सारखं येत होतं, की सासरी गेलेल्या मुलीबरोबर काय काय जातं. भाजीत गूळ घालायची सवय जाते. ओवी म्हणायची चाल जाते. हाताचं वळण, रागाचं वळण. आणि ज्याची कुणाला कल्पनाही नाही असं एखादं न दिसणारं बिऱ्हाडही जातं. आईच्या आईकडून आईकडे, आईकडून अक्काकडे. सोनं वाटून संपतं, हे संपत नाही. पायगुण म्हणून जे बोलतात ते मला तोवर थोतांड वाटायचं, आणि आता मीच टाचणीनं पानात पायगुण टोचून बसले होते. झोपायला गेले की मला धास्ती वाटायची आणि उठले की मी पुन्हा बशांकडे धावायची.

आठवड्याच्या शेवटी डाग उठले. आधी पाणी भरल्यासारखा ओला ठिपका, मग बारीक पांढरट उंचवटा. पाण्याचे टोचे कोरडे राहिले, चला, टाचणी निर्दोष. लिंबाच्या पानांवर चारही रंगांनी डाग पाडले. मग मी मोसंबीच्या पानांकडे वळले. लाल आणि पिवळ्याची पानं फोडांनी भरली होती. निळा आणि हिरवा, त्यांची पानं स्वच्छ. नुसती टाचणीची भोकं. मी भिंग घेतलं, खिडकीशी गेले, पुन्हा बघितलं. या दोन जंतूंना मोसंबी जणू दिसलीच नव्हती. लिंबावर पोट भरून जेवलेले, मोसंबीच्या पंगतीत उपाशी उठलेले.

सरांना हाक मारली. ते आले, बघितलं, "हं" म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली. माझा जीव जातोय आणि यांची सुपारी! "सर, निळा कुणाचा?" त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, विसरले. संपलं सगळं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "निळा तुझ्या आईचा. हिरवा बहिणीचा. लाल सासऱ्यांचा, पिवळा त्यांच्या साडूंचा." मी काय केलं असेल? मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता हसले, आणि सर घाबरून "बशा सांभाळ, बशा सांभाळ" म्हणत राहिले.

पुढे काही वर्षांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हेच चारही जंतू मी पाण्याच्या नळ्यांत जपून नेले होते. तिथे त्यांचा डीएनए काढून जेलीसारख्या एका पातळ थरावर पट्ट्यांच्या रूपात बघितला. पहिल्या दोघांचे पट्टे सारखे, नंतरच्या दोघांचे सारखे, आणि दोन जोड्यांमध्ये अगदी थोडा फरक. तेवढ्या थोड्या फरकानं एक जंतू आमच्या लिंबापुरता राहिला आणि दुसरा मोसंबीचे बागच्या बाग खाऊ लागला. आता माझ्या विद्यार्थिनी तेच काम एका दुपारी करतात आणि डबा खायला वेळेवर जातात. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण टोचलेल्या पानाकडे आठवडाभर बघत बसण्याची जी घालमेल, ती त्या यंत्रातून निघत नाही, आणि खरं सांगायचं तर ती गेली म्हणून मला थोडी चुटपुटच लागते.

तर कानबाईचा दिवस. सरांनी पानं काचेच्या बशांत बंद करून चिकटपट्टीनं आवळून दिली होती. "झाकण उघडायचं नाही. बशा परत आणायच्या. आणि अर्धं सांगायचं नाही, पूर्ण सांगायचं," अशी ताकीद. मी बशा जेवणाच्या डब्यात घालून धुळ्याहून चाळीसगावची रेल्वे आणि पुढे एसटी धरून मळ्यात पोचले. अंगण भरलेलं. गेरूनं सारवलेली भिंत, कण्हेरीची फुलं, आत बायकांची गाणी, चुलीवर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कानबाईच्या प्रसादाच्या रोटांचा खरपूस वास. तो रोट घरच्यांनीच खायचा, पाहुण्यानं नाही, त्यामुळे मला नुसता वास. कुणीतरी माझा डबा बघून म्हणालं, "अरे वा, माहेरचा फराळ आला वाटतं!" मी म्हटलं, "हो, पण उघडायचा नाही." दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गोठ्याशी उभे होते आणि त्यांच्या शेजारी भिंतीला दुसऱ्या दिवसासाठी कुऱ्हाड टेकवून ठेवलेली होती. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की त्यांनाच तोडणार आहेत.

आबांना मी बाजूला बोलावलं. ते म्हणाले, "आठेच दाखाड. बठ्ठासले देखू दे." म्हणून ओट्यावरच डबा उघडला आणि बशा मांडल्या. सगळी भाऊबंदकी भोवती. मी सरांच्या ताकिदीप्रमाणे पूर्ण सांगितलं. अक्काच्या झाडाला खैऱ्या आहे, तो आमच्या पिंपळनेरच्या झाडावरूनच आला आहे, हे आधी सांगितलं. कुजबुज झाली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पदर घट्ट धरला. मग मी बशांकडे बोट केलं. आबांनी चष्मा लावला आणि बशी डोळ्यांशी नेली.

"हाई मोसंबीनं पान शे?"

"हो आबा."

"नि ह्यावर सुमनना झाडना जंतू?"

"हो. टोचलाय तिथे भोक दिसतंय बघा."

"काहीच नही पडनं." त्यांनी ती बशी ठेवली, दुसरी घेतली. फोडांनी भरलेली. "नि हाऊ?"

"हा तुमच्या बागेतला. आणि हा शेवटचा तुमच्या साडूंच्या बागेतला. त्यांच्या मळ्यात लिंबाचं झाडच नाही, आबा. पण कलमं..."

"कलमं एकच ट्रकनी," त्यांनीच वाक्य पुरं केलं.

त्यांनी त्या दोन बशा दोन हातांत धरून शेजारी शेजारी आणल्या आणि पुन्हा बघितल्या. मला भीती वाटली, की आता हा माणूस म्हणेल, शिकलेल्या पोरींचं काय ऐकायचं. म्हणता आलं असतं. कुणी त्यांना अडवलं नसतं. आबांनी बशा जपून खाली ठेवल्या, चष्मा काढला आणि सगळ्यांकडे वळले. आवाज नेहमीसारखाच हळू.

"आयका रे. हाऊ रोग सुमननी नही आना. मी आना. ट्रक भरीसन आना."

सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या. आता तिची पाळी होती. तिला काहीही बोलता आलं असतं, आणि मी तर आतून म्हणत होते, बोल, एकदाचं बोल. अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. खाली बघत, पण स्वच्छ ऐकू जाईल अशी म्हणाली,

"आबा, रोग पाऊसनी आना. ना तुम्हीन, ना मी."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग मान वर करून आभाळाकडे बघितलं. झड चालूच होती, पागोळ्यांचं पाणी मिशीवर ठिबकत होतं. दाजींकडे वळून म्हणाले,

"ठेवी दे रे ती कुऱ्हाड. आते पाऊसले कोन तोडी?"

पहिल्यांदा हसली ती अक्का. सासऱ्यासमोर, भरल्या अंगणात, पदर तोंडावर न घेता. तिच्या मागून सगळं अंगण हसायला लागलं, पण त्या सगळ्यांवरून मला तिचंच हसणं ऐकू येत होतं.